ही खरखर माझ्या बोर्डाची नव्हे

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. शिवाय पुढेमागे विभागाचा इतिहास लिहायची वेळ आली तर साधनं हाताशी असलेली बरी.

बोर्ड आला. पहिल्या झटक्यात चालू झाला. हे इथे नमूद करतो, कारण ऑफिसात कुणी करणार नाही.

वस्तू अशी: हॉस्पिटलात पेशंटच्या उशाशी ठेवायचा डबा. बटण दाबलं की नर्सशी बोलता येतं. डब्याचा जीव म्हणजे ऑडिओ कोडेक. आवाजाचे आकडे करणारी आणि आकड्यांचा परत आवाज करणारी चिप. तिच्याभोवतीचं सगळं सर्किट माझं.

किंचित खरखर आहे. मागे कुणीतरी कागद चुरगळत बसल्यासारखी. डब्याचा स्क्रीन बदलला की वर एक टिकटिक. नव्या बोर्डाला असायचंच.

साहेब म्हणाले, अठ्ठावीस तारखेला हॉस्पिटलची मंडळी बघायला येतील. त्यांनी डबा घेतला तर विभागप्रमुखाच्या खुर्चीचं उरकून टाकू. माझ्याकडे बघून म्हणाले. लेआउटवाली माझ्या मागेच उभी होती, पण ते माझ्याकडेच बघत होते.

संकल्प: शुक्रवारपर्यंत खरखर शून्य.

४ मार्च, मंगळवार
लेआउटवालीबद्दल लिहून ठेवतो. मी सर्किट काढतो, ती ते बोर्डावर तांब्याच्या रेषांत बसवते. म्हणजे मी घर बांधायचं आणि तिने फर्निचर लावायचं. पण ती फर्निचरवर थांबत नाही. पेन चावत येते आणि भिंतींबद्दल बोलते.

आज आली आणि म्हणाली, सर, ती खाच बुजवू या.

खाच ही माझी खासियत. ग्राउंड म्हणजे सगळा करंट जिथून परत जातो ती तांब्याची चादर. अडाणी लोक ती सलग ठेवतात. मी मधोमध खाच मारतो. एका बाजूला डिजिटल, म्हणजे सगळा धांगडधिंगा. दुसऱ्या बाजूला ॲनालॉग, म्हणजे सभ्य वस्ती. दोन्हींची गाठ फक्त बोर्डाच्या टोकाला, पॉवर सप्लायजवळ, तीही नाइलाजाने. स्वच्छ व्यवहार. तुमचं तुमच्याकडे, आमचं आमच्याकडे.

तिला म्हटलं, हे मी तू कॉलेजात जायच्या आधीपासून करतोय. ती म्हणाली, हो, ते दिसतंय. कौतुक समजून घेतलं.

खरखरीचा खरा गुन्हेगार: ट्यूबलाइट. सगळ्यांचा अनुभव आहे. लॅबमधले सगळे दिवे बंद करून ऐकलं. खरखर तशीच. बाकीचे दुपारभर मोबाइलच्या उजेडात काम करत होते. एकही धन्यवाद म्हणाला नाही.

६ मार्च, गुरुवार
कँटीनचा फ्रिज. त्याची मोटर सुरू झाली की भिंतीतल्या वायरिंगमधून घाण येत असणार. चहावाला नव्हता म्हणून प्लग मीच काढला. खरखर तशीच. प्लग परत लावायचं राहिलं.

संध्याकाळी दूध नासलं. चहावाला सगळ्या मजल्यावर विचारत फिरत होता की असा कोण दीडशहाणा आहे. मी मान खाली घालून स्कोपच्या पडद्यावरच्या लाटांकडे बघत बसलो. प्रयोगात नुकसान होतंच, पण हे त्याला समजावण्याइतका वेळ नव्हता.

नंतर बोर्ड सरळ बॅटरीवर चालवला. खरखर तशीच. म्हणजे बॅटरीही खराब निघाली.

७ मार्च, शुक्रवार
शून्याची तारीख पुढे ढकलली आहे. पुढचा शुक्रवार. घाईत चांगलं काम होत नाही.

८ मार्च, शनिवार
सुट्टी. पण घरी कसली शांतता.

वडिलांचं घर. आम्ही भाऊ दोघं. तीन वर्षांपूर्वी मी मधून भिंत घातली. अर्धं माझं, अर्धं धाकट्याचं. कारण क्षुल्लक नव्हतं. घरी पाहुणे आले होते, त्यांच्यातल्या एकाने मला इन्व्हर्टरबद्दल काहीतरी विचारलं, तर धाकटा सगळ्यांदेखत म्हणाला, दादाला प्रश्न विचारू नका हो, तो उत्तर देतो. सगळे हसले. माझी बायकोसुद्धा.

मी त्याच आठवड्यात गवंडी आणला.

भिंतीत एक दार राहिलं. ते आईच्या हट्टापायी ठेवलं, पण त्याला खिळे मीच ठोकले आणि पुढे कपाट उभं केलं. आई माझ्याकडे राहते. धाकट्याची मुलगी लहान आहे, ती आजीशिवाय जेवत नाही म्हणे. मग आई रोज संध्याकाळी आमच्या फाटकातून बाहेर पडते, रस्त्याने कोपऱ्यापर्यंत जाते, गल्लीतून वळून त्यांच्या फाटकातून आत शिरते. भिंतीपलीकडच्या खोलीत. येताना पुन्हा तसंच. गुडघे धरत. आल्यावर अर्धा तास कण्हते. मला वाचता येत नाही.

तिला किती वेळा सांगितलं, जाऊ नकोस. ऐकत नाही. माझ्या नशिबी सगळीकडे हेच.

११ मार्च, मंगळवार
लेआउटवाली आज कागद घेऊन आली. चित्र काढून दाखवलं. म्हणाली, क्लॉकच्या आणि डेटाच्या लाइनी प्रोसेसरकडून कोडेककडे जाताना तुमच्या खाचेवरून जातात. गेलेला करंट परत यायला हवा. तो लाइनीच्या बरोबर खालून परत येतो, ती त्याची जवळची वाट. तिथे तुम्ही खाच मारली आहे. मग तो बिचारा पार पॉवर सप्लायपर्यंत जातो, वळसा घालतो आणि परत येतो. वाटेत सगळीकडे घाण पसरवतो. ही खरखर म्हणजे त्याचा वळसा आहे, सर.

बिचारा म्हणाली. करंटला.

मी म्हटलं, करंटला काय पाय दुखतात? लॅबमधला एकही हसला नाही. या पिढीला विनोदाचं अंगच नाही.

मी तिच्याच कागदाच्या मागे ॲनालॉग आणि डिजिटल वेगळे का ठेवायचे ते लिहून दिलं. मुद्देसूद. तिने कागद घडी करून खिशात ठेवला आणि जेवायला गेली. पटलेलं दिसलं.

दुपारी कोडेकजवळ कपॅसिटर वाढवले. एक लावला, फरक नाही. आणखी लावले. संध्याकाळपर्यंत तिथे कपॅसिटरची झोपडपट्टी उभी राहिली. खरखर आता थोडी जाड वाटते. म्हणजे बदल झाला. म्हणजे दिशा बरोबर आहे.

१३ मार्च, गुरुवार
चिप डुप्लिकेट असावी. दुसरी लावली. तीही डुप्लिकेट.

१४ मार्च, शुक्रवार
शून्याची तारीख आता लिहीत नाही. उगाच मनावर दडपण येतं.

१५ मार्च, शनिवार
आज घरच्यांसाठी काहीतरी केलं. हे स्पष्ट लिहितो.

लॅबमधल्या जादा बोर्डांचे दोन डबे घरी आणले. एक आईच्या खाटेजवळ, दुसरा बायकोच्या हाती धाकट्याकडे पाठवला. (मी गेलो नाही. पहिलं पाऊल त्याने टाकायचं आहे.) कल्पना अशी की आईने बटण दाबावं, नातीशी बोलावं, तिला तिकडे बसून जेवू द्यावं आणि इकडे आपण स्वस्थ बसावं. चालणं बंद. गुडघ्याचा प्रश्न विज्ञानाने सुटला.

बटण दाबलं. पलीकडून पोरगी आजी आजी करत होती, पण खरखरीत तिचं अर्धं बोलणं बुडत होतं. आणि गंमत म्हणजे तिचा खरा आवाज भिंतीतून जास्त स्पष्ट येत होता. आईने डबा उलटासुलटा करून बघितला. म्हणाली, यात कुणीतरी भुसा चाळतंय. मी म्हटलं, ते तात्पुरतं आहे. मग म्हणाली, अरे, दार आहे ना तिथे. कपाट सरकव.

मी तिला समजावलं. दार उघडलं की बोलणी सुरू होतात, बोलण्यातून वाद होतात, वादातून मनस्ताप. वेगळं राहिलं की सगळे सुखी. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, तू लहानपणीही असाच होतास, ताटात वरण भाताला लागलं की रडायचास.

संध्याकाळी चप्पल घालून गेली. त्याच वाटेने.

१८ मार्च, मंगळवार
साहेबांनी बोलावलं. डबा कानाशी धरून ऐकला. तोंड वाकडं केलं. म्हणाले, अहो, आजारी माणसाचा आवाज आधीच क्षीण, तो या गोंधळात नर्सला ऐकू कसा जाणार. मी म्हटलं, मुळाशी पोचलो आहे. म्हणाले, मूळ काय? मी म्हटलं, अनेक आहेत.

मग माझ्यासमोर लेआउटवालीला बोलावून विचारलं, तुझं काय मत. माझ्यासमोर! ती म्हणाली, खाच. एकच शब्द. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. कंपनीचे दिवस भरत आले आहेत असं वाटलं.

दुपारी बोर्ड बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात बंद केला, वरून तांब्याची पट्टी चिकटवली. खरखर तशीच. फक्त आता तिला बिस्किटांचा वास येतो.

१९ मार्च, बुधवार
आई पडली.

कोपऱ्यावर फूटपाथची फरशी उचकटली आहे, तिथे. धाकट्याकडून परत येताना. कुणा रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. गुडघा एवढा सुजला आहे. मी कधीपासून म्हणतोय, या फरशा नीट बसवत नाहीत. उद्या तक्रार करणार, लेखी.

बायको आईचा पाय शेकत होती. मी फरशीचं बोललो तर मान वर न करता म्हणाली, फरशीने नाही पाडलं त्यांना.

धाकटा आणि भावजय रस्त्याने धावत आले. मी दुसऱ्या खोलीत गेलो. भिंतीपलीकडे पोरगी एकटीच रडत होती. हातभर अंतरावर. इकडे सगळी मोठी माणसं, तिकडे ती, आणि तिच्याकडे जायला भावजयीला पुन्हा कोपऱ्यापर्यंत पळत जावं लागलं.

कसंतरीच झालं. दाराचा विचार करायला हवा. डेमो झाला की करतो.

२० मार्च, गुरुवार
मन लागत नव्हतं. तरी काम केलं. पॉवर सप्लायजवळच्या जोडावर मोठा फेराइट बीड लावला. फेराइट म्हणजे काळा मणी, घाणेरडे करंट अडवणारा. खरखर तशीच. लगेच फरक दिसेलच असं नाही. काही गोष्टी मुरायला वेळ लागतो.

२१ मार्च, शुक्रवार
अर्धी रजा. आईला डॉक्टरकडे नेलं. हाड शाबूत. डॉक्टर म्हणाले, महिनाभर रस्त्यावर पाऊल नको, घरातल्या घरात चालवा. आईने माझ्याकडे बघितलं. मी औषधांची चिठ्ठी वाचत होतो.

निघताना लेआउटवालीला सांगून आलो, बोर्ड टेबलावर आहे, हात लावू नकोस. ती म्हणाली, सर, तुम्ही आईंकडे बघा. सोमवारपर्यंत बोर्डाचं काही बिघडत नाही. चार शब्द प्रेमाने बोलता येतात तर.

२४ मार्च, सोमवार, सकाळी
गेली!

खरखर गेली. डबा चालू केला आणि वाटलं बंदच आहे. बटण दाबून बोललो तर दुसऱ्या डब्यातून माझा आवाज असा आला की मी स्वतःच दचकलो. स्क्रीन बदलला, टिकटिक नाही. फेराइट मुरला! मी म्हटलंच होतं.

सगळ्यांना बोलावून ऐकवलं. लेआउटवालीलाही. ती पेन चावत उभी होती. म्हणाली, वा. चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नाही. मत्सर माणसाला किती कोरडं करतो. जाताना म्हणाली, सर, आता डेमोपर्यंत बोर्डाला हात लावू नका, नंतर शांतपणे बोलू. माझ्या बोर्डाला मीच हात लावायचा नाही!

२४ मार्च, संध्याकाळी
घरीही शांत. आई हसतमुख. रस्त्यावर जात नाही आणि जायचं नावही काढत नाही. विचारलं, नातीची आठवण येत नाही का? म्हणाली, येते ना, येते. आणि बायकोकडे बघून हसली.

म्हणजे डब्याची सवय झाली. एका दिवसात दोन विजय. बटण दाबून बघणार होतो, पण डब्याची वायर गुंडाळून कपाटावर ठेवलेली दिसली. बायको आवरत असेल. हल्ली तिला आवराआवरीचा झटका आला आहे. दारापुढचं कपाटसुद्धा हातभर सरकलेलं आहे. मागे झाडून घेतलं असणार. आईच्या खाटेखाली एक छोटी गुलाबी क्लिप सापडली. बायको ही असली कधीपासून वापरते कोण जाणे. या वयात.

२६ मार्च, बुधवार
साहेबांना टिपण दिलं. शीर्षक: दोन ग्राउंडचं तत्त्व आणि त्याचं यश. शेवटी नम्रपणे सुचवलं आहे की यापुढे कंपनीच्या सर्व बोर्डांवर खाच सक्तीची असावी. साहेबांनी चाळलं. म्हणाले, आवाज गेला ना, मग झालं.

खुर्ची मिळाल्यावरचे संकल्प: लॅबमध्ये शिस्त. चहावाल्याला नवा फ्रिज. लेआउटवालीला मॅन्युअल लिहायला बसवायचं. हुशार आहे, पण तिला आधी लिहिलेलं मानायची सवय लागायला हवी.

धाकट्याशीही बोलेन म्हणतो. खुर्चीवरून बोललेलं वेगळं दिसतं.

२८ मार्च, शुक्रवार, सकाळी
आज. नवा शर्ट.

डबा पॅक करण्यापूर्वी शेवटची नजर फिरवावी म्हणून बोर्ड उलटा केला, भिंगाखाली धरला आणि डोकंच फिरलं. खालच्या बाजूला, खाचेच्या दोन्ही काठांवरचा हिरवा थर खरवडलेला. त्यावर जाड तारेचा तुकडा आडवा टाकलेला, दोन्ही टोकांना सोल्डरचे गोळे. बरोबर त्या क्लॉकच्या लाइनींखाली. माझी दोन्ही ग्राउंड एक करून टाकलेली! कुणाचं हे गलिच्छ काम? टेस्टिंगला कुणी तरी लावलं असेल आणि विसरलं असेल. हे घेऊन मी पाहुण्यांसमोर गेलो असतो तर? त्यांनी बोर्ड उलटून बघितला असता तर?

तांब्याची वात घेतली, सोल्डरिंगची गरम सळई लावली, सोल्डर सगळं शोषून काढलं. तार उपटली. स्पिरिटने पुसलं. खाच पुन्हा लख्ख. वाटेल त्याने बघावी.

परत चालू करून बघायला वेळ नव्हता. गरजही नव्हती. चार दिवस वाजतोय.

२८ मार्च, दुपारी
लवकर घरी निघालो आहे. हे बसस्टॉपवर लिहितोय. घर गाठेपर्यंत डोक्यात घोळवत राहण्यापेक्षा इथेच लिहून टाकतो.

हॉस्पिटलच्या मेट्रनबाई, दोन डॉक्टर, साहेब. मी प्रस्तावना केली. खाचेवर बोललो, थोडं जास्तच बोललो. मग बटण दाबलं.

भुसा. तोच भुसा.

मी म्हटलं, हा या खोलीतल्या दिव्यांचा आवाज आहे. साहेबांनी उठून दिवे बंद केले. खरखर तशीच. अंधारात सगळे ती ऐकत बसलो. मेट्रनबाई म्हणाल्या, माझ्या वॉर्डात धाप लागलेला माणूस हाक मारतो तेव्हा ती हाक नसते हो, नुसता श्वास असतो. तो मला यातून कसा कळणार?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा.

लेआउटवाली पुढे आली. डबा उघडला, बोर्ड उलटा केला, बघितला. मला विचारलं, सर, इथली तार कुणी काढली? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, साफ केलं. तिने माझ्याच अवजारांच्या पिशवीतला चिमटा उचलला आणि त्याची दोन टोकं खाचेच्या दोन काठांवर टेकवली.

शांत.

चिमटा उचलला. भुसा. टेकवला. शांत. डॉक्टरांनी तिच्याकडून चिमटा मागून घेतला आणि स्वतः करून बघितलं. पोरासारखे खूश झाले. चिमटा उचल, टेकव, उचल, टेकव. मी मोजलं नाही. मेट्रनबाईंनी विचारलं, हे काय आहे नेमकं? ती म्हणाली, जवळची वाट आहे, बाई. बंद केली होती.

डबे घेणार आहेत. जोडलेले.

बस येत नाहीये. बसेसचं नियोजन हा एक वेगळाच विषय आहे.

२९ मार्च, शनिवार
कालचं राहिलेलं.

मी एरवी त्या वेळी घरी नसतो. फाटकापाशीच हसणं ऐकू आलं. मला वाटलं धाकट्याकडचं, भिंतीपलीकडचं. पण आमच्या घरात कुणी नव्हतं. आईची खाट रिकामी. कपाट पार बाजूला, आणि दार सताड उघडं. खिळ्यांची भोकं तेवढी दिसत होती, त्यांत कुणीतरी मेण भरलं आहे. बायकोचं काम. ती भोकं तशी ठेवत नाही.

दाराच्या बरोबर मध्ये खुर्ची. खुर्चीत आई, पाय स्टुलावर. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मांडीवर धाकट्याची पोरगी. बायको आणि भावजय खाली शेंगा सोलत बसलेल्या. धाकटा भिंतीला टेकून काहीतरी गंमत सांगत होता, आणि बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. तिला असं हसताना मी तीन वर्षांत बघितलं नाही. त्याच्या आधीही फारसं नाही.

पोरीने मला आधी बघितलं. मग एकेकाने. आणि सगळा आवाज थांबला. एकदम. शेंग फुटायचासुद्धा नाही. चिमटा टेकवल्यासारखा.

म्हणजे उलटं. उचलल्यासारखा नाही, टेकवल्यासारखाही नाही. मला नीट लिहिता येत नाही.

एवढे दिवस ज्या शांततेच्या मागे लागलो होतो ती ही. खरखर शून्य. मी आत आलो की.

धाकटा सावरून उभा राहिला. म्हणाला, दादा, ये ना. बायको म्हणाली, चहा टाकते, आणि उठली. आईने खुर्ची सरकवायला घेतली, मला जायला वाट म्हणून. मी म्हटलं, राहू दे, मी इथेच बरा आहे. आणि माझ्या खोलीत गेलो. पाच मिनिटांनी पुन्हा बोलणं सुरू झालं. हळू आवाजात. मी आहे हे लक्षात ठेवून.

हातोडी कुठे आहे ते मला माहीत आहे. खिळेही. उठलो नाही.

३१ मार्च, सोमवार
खुर्ची लेआउटवालीला. साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. तिने चहावाल्याला सगळ्यांसाठी चहा सांगितला, स्वतःचा अर्धवट टाकून कामाला लागली. पहिला हुकूम: यापुढे एकच ग्राउंड, सलग. मला मॅन्युअलचं काम दिलं आहे. मऊ आवाजात म्हणाली, सर, तुम्ही समजावून छान सांगता. खोटं नव्हती बोलत असं वाटलं. तेच जास्त लागलं.

तार मी का काढली, याची उत्तरं शनिवार-रविवारी तयार करून ठेवली होती. एक तांत्रिक, एक व्यवस्थापनाचं, एक थोडं विनोदी. साहेबांसाठी, लॅबसाठी, जेवणाच्या टेबलासाठी. बायकोसाठी एक वेगळं होतं. दार का बंद केलं होतं त्याचं. ते तांत्रिक नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो. दार उघडं. आईची खुर्ची दारातच. मी कपाटावरून डब्याची वायर काढली, डबा पिशवीत भरला, उद्या परत न्यायला. पलीकडून धाकट्याचा डबा पोरीने आणून दिला. दारातून. चार पावलांत. माझ्या हातात ठेवला, क्षणभर थांबली. मला वाटलं काहीतरी विचारेल. हे कशाने चालतं, यात आवाज कुठून येतो, मुलं विचारतात असलं काहीतरी. मी अगदी सोप्या शब्दांत सांगितलं असतं. थोडक्यात.

ती पळाली.

मला वाईट वाटलं. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

आज दिवसभरात कुणीही मला काहीही विचारलं नाही.